नकाराचं सुतक

नोकरीत वरची जागा मिळाली नाही म्हणून रीतसर सुतक पाळणारा माणूस भूतलावर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लोकांना सासुरवाडीकडून घड्याळ मिळतं, अंगठी मिळते, गेला बाजार सुट्टीत जायला एखादं आंब्याचं झाड असलेलं घर मिळतं. मला मामा मिळाले. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं त्यांच्या पाया पडायला बदलापूरला गेलो, तर मामा दाढी वाढवून सतरंजीवर बसलेले, देव फडक्यानं झाकलेले, आणि मामींनी आमच्यापुढे बिनफोडणीची आमटी आणि भात ठेवला. मी हलक्या आवाजात बायकोला विचारलं, कोण गेलं? ती तितक्याच हलक्या आवाजात म्हणाली, "फोरमनची जागा." तिच्या माहेरच्या माणसांबद्दल मला तोवर जे जे सांगण्यात आलं होतं, त्यात हे नव्हतं.

मामा राहायचे बदलापुरातल्या शिरगावात, दोन खोल्यांच्या घरात, आणि कामाला होते अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत. फिटर. सकाळी सायकलवर टांग मारायची, चिखलोलीच्या बाजूनं शेतं बघत बघत जायचं आणि भोंग्याच्या आधी गेटवर हजर व्हायचं, हा त्यांचा नेम. त्यांचं एक ठाम म्हणणं होतं की जगातली कुठलीही गोष्ट खुशाल सुरू करा, पण ती संपणार केव्हा हे आधी ठरवा. भांडणाला त्यांच्या घरी दिवेलागणीपर्यंतच मुदत असे. मामी सांगायच्या, एकदा भांडता भांडता मामा "तुझ्या भावानं त्या वेळी जे केलं ते" इथपर्यंत आले आणि समोरच्या घरात दिवा लागला. मामा तिथेच थांबले. भावानं काय केलं होतं ते मामींना शेवटपर्यंत कळलं नाही. भाजीत मीठ कमी पडल्याची तक्रार पहिल्या भाकरीपुरती. दुसरी भाकरी ताटात पडली की भाजी उत्तम. सर्दीलासुद्धा त्यांनी रविवार संध्याकाळची मुदत दिलेली असे, आणि का कोण जाणे, सर्दी ती पाळत असे.

अशा ह्या मुदतीच्या माणसाला एक ओढ मात्र बिनमुदतीची होती. त्यांच्या खात्याच्या टोकाला फोरमनची काचेची केबिन होती. आत एक टेबल, एक खुर्ची, पंखा आणि भिंतीवर कॅलेंडर, एवढाच ऐवज. पण मामांचे वडील ह्याच कंपनीत हेल्पर होते, आणि फोरमननं कधी बोलावलं तर ते वहाणा बाहेर काढून आत जात, उभ्या उभ्या बोलत आणि उभ्या उभ्याच बाहेर येत. मामा तेव्हा तिथे नवीन लागले होते आणि मशिनच्या आडून त्यांनी हे कितीदा तरी बघितलं होतं. "मला काही साहेब व्हायचं नाही, जावईबापू," ते म्हणायचे. "मला त्या काचेच्या आत पायात बूट घालून बसायचंय. रिटायर व्हायच्या आत." हे सांगताना ते हसायचे. पण त्यांना ते हवं होतं, फार हवं होतं, आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. फोरमनची जागा निघणार, मामा अर्ज करणार, मुलाखतीला जाणार आणि कंपनी दुसऱ्याच कुणाला तरी घेणार, असा ऐंशीच्या दशकात जणू प्रघातच पडून गेला होता.

आता ह्यात कंपनीचाच सगळा दोष होता असं म्हणवत नाही. नाकारायला कारण मामा स्वतःच्या हातानं पुरवायचे. मामींनी कडक इस्त्री केलेला पांढरा सदरा, करकर वाजणारे बूट आणि केसांना भरपूर तेल अशा थाटात ते मुलाखतीला जायचे आणि खरं बोलून यायचे. हाताखालच्या माणसानं काम बिघडवलं तर तुम्ही काय कराल, असं त्यांना एकदा विचारलं. दम देईन, पगार कापायला लावीन, असलं काहीतरी ऐकायला साहेबलोक टपून बसलेले. मामा म्हणाले की आधी त्याला चहा पाजीन. दुसऱ्या एका वर्षी विचारलं, तुमच्याबरोबर ज्यानं अर्ज केलाय त्याच्याबद्दल तुमचं मत काय? झालं. त्या माणसाचा हात किती चांगला, तो वेळेवर कसा येतो, त्याच्या तोंडात कधी शिवी कशी नसते, हे मामांनी इतकं रंगवून सांगितलं की साहेबांनी त्यालाच घेतला. दुसऱ्याची शिफारस करायला एवढे केस चोपून जाणारा उमेदवार त्या कंपनीनं पुन्हा बघितला नसेल.

सुतकाची सुरुवात मात्र मामांची नव्हे, मामींची. पहिल्यांदा जागा हुकली तेव्हा मामांना काय करावं हेच कळेना. मुदत घालायचा त्यांचा सगळा बाणा तिथे तोकडा पडला. ते नुसते कुढायला लागले. जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचे, सायकल पुसता पुसता थांबायचे, रस्त्यात कुणी भेटला की "मला एक सांगा" म्हणून तेच गाऱ्हाणं पहिल्यापासून सुरू. दसरा गेला, दिवाळी आली, मामांचं आपलं चालूच. शेवटी मामींनी एक दिवस चकल्यांचा सोऱ्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, घरात कुणी गेलं असतं तरी तुम्ही तेराव्याला उठला असता. ह्याला काही तेरावा आहे की नाही?" हा निव्वळ टोमणा होता. दुसरा कुणी असता तर चिडला असता, नाहीतर हसला असता. मामा बराच वेळ विचार करत बसले आणि "बरोबर आहे तुझं" म्हणाले. मामी म्हणायच्या, त्या दिवशी मी गप्प बसले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

पुढच्या वेळेपासून सगळं रीतीनं व्हायला लागलं. निकाल लागला की मामा घरी येऊन आंघोळ करत आणि सतरंजी टाकून बसत. दाढी बंद, देवपूजा बंद, फोडणी बंद, पापड तळणं बंद. दोन-तीन दिवस रजा, मग वाढलेल्या दाढीनंच कामावर. पहिल्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. नात्यातलं कुणीतरी पिठलं-भात घेऊन जायचं, आणि भाची लग्न होऊन उल्हासनगरला आल्यापासून तो मान आमच्याकडे आला होता. सतरंजीवर बसून मामा कंपनीला मनसोक्त नावं ठेवत. भेटायला आलेल्यानं ती ऐकायची आणि "असं व्हायला नको होतं" एवढंच म्हणायचं. "जे होतं ते बऱ्यासाठीच होतं" असं कुणी म्हणालं, तर मामा त्याला शांतपणे विचारत की मयताच्या घरी जाऊन तू असं म्हणतोस का. दहाव्याला दाढी. तेराव्याला श्रीखंड-पुरीचं गोड जेवण, आणि त्या पंगतीला पहिलं पान ज्याला ती जागा मिळाली त्याचं. तो बिचारा कानकोंडा होऊन बसलेला आणि मामा त्याला आग्रह करकरून वाढतायत, हे दृश्य मी डोळ्यांनी बघितलंय. त्या जेवणानंतर विषय बंद. चुकून कुणी काढलाच, तर मामा त्याला उठवून आत पाणी प्यायला पाठवायचे.

ह्या सुतकात एकदा भलताच प्रसंग ओढवला. कंपनीत पर्सोनेल मॅनेजर नवीन आले होते, तरुण होते आणि चांगल्या घरचे होते. आल्या आल्या त्यांनी केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे फोरमनच्या जागेसाठी मामांना नापास करणं. दुसऱ्या दिवशी मामांनी गेटवर टाइमकीपरला निरोप दिला की घरी सुतक आहे, रजा टाका. टाइमकीपर नवा, त्यानं तो तसाच्या तसा वर पोचवला. कामगाराच्या घरी दुःखद प्रसंग असला तर स्वतः भेटून यायचं, अशी त्या मॅनेजरांना चांगली सवय. दुपारी पांढरा शर्ट घालून, टाइमकीपरला बरोबर घेऊन ते शिरगावात हजर झाले. मी आणि बायको तिथेच होतो. साहेब सतरंजीवर मांडी घालून बसले. मान खाली. मामींनी बिनदुधाचा चहा आणून ठेवला. मग साहेबांनी मामांच्या हातावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, कोण गेलं?

"प्रमोशन," मामा म्हणाले.

मी भिंतीवरच्या पालीकडे बघायला लागलो. बायको पदर तोंडाशी धरून आत गेली. साहेबांना उठताही येईना आणि बसवेही ना. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मामांनाच त्यांची कीव आली असावी, कारण त्यांनी साहेबांचा हात थोपटला. "तुम्ही आलात हे फार बरं केलंत," ते म्हणाले. "तुमचाही तसा संबंध होताच." ह्यात खवचटपणा नावालाही नव्हता. मामांना खवचट बोलता येतच नसे. येत असतं तर ते केव्हाच फोरमन झाले असते. मग मामांनी साहेबांना सगळं समजावून सांगितलं, तेराव्याचं आमंत्रण दिलं, आणि साहेब उठले. जाताना सवयीनं "येतो" म्हणाले. मामींनी घाईघाईनं हात हलवून त्यांना थांबवलं. अशा घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. साहेब पुन्हा ओशाळले आणि काहीच न बोलता चपला घालून गेले. तेराव्याला मात्र आले, आणि श्रीखंड दोनदा मागून घेतलं. पुढे त्या कंपनीत निकालाचा कागद नोटीस बोर्डावर डकवणं बंद झालं. साहेब ज्याला नाकारायचं त्याला केबिनमध्ये बोलावून, खुर्चीवर बसवून, तोंडानं सांगायला लागले.

मामांचं हे शास्त्र स्वतःपुरतं राहिलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण त्यांना दुसऱ्याचं नाकारलेपण दुरून दिसायचं. भाच्याला कुठे नोकरी नाकारली, गल्लीतल्या शिवणकामवालीचं काम कुण्या दुकानदारानं परत पाठवलं, की मामा पांढरा सदरा चढवून, हँडलला पिठलं-भाताचा डबा लटकवून निघाले. बदलापुरातला एक गृहस्थ निवडणुकीला उभा राहून सपाटून पडला, तर मतमोजणीच्या संध्याकाळी मामा त्याच्या दारात. त्या माणसाचा संताप झाला. विरोधी पार्टीनं पाठवलंय म्हणून कार्यकर्ते अंगावर धावून आले. मामा आपले ओट्यावर बसून राहिले. अंधार पडायच्या सुमाराला एकेक कार्यकर्ता कामं आठवून पांगला आणि ओट्यावर मामा आणि तो पडलेला उमेदवार दोघंच उरले. तेव्हा त्यानं हात पुढे करून डबा घेतला आणि उघडून जेवायला बसला. पुढे दहाव्यापर्यंत तो दाढी वाढवून फिरत होता, आणि लोकांना वाटलं, पराभव फारच मनाला लावून घेतला.

माझी पाळी यायचीच होती. मी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका खाजगी शाळेत गणिताचा मास्तर. पर्यवेक्षकाची जागा माझीच, असं सगळ्यांनी धरलेलं, आणि ती गेली संस्थेतल्या कुणाच्या तरी जावयाला. मी जावई होतो, पण पंपाच्या फिटरचा. मला काही वाटलेलं नाही, असं मी घरी, शाळेत आणि भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं. मामा शिरगावाहून सायकल मारत आले आणि काही न विचारता आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायला लागले. मी चिडलो. हे थेर आमच्याकडे नकोत म्हणालो. तेवढ्यात शेजारचे सिंधी शेठ दारात आले, कापडाचे व्यापारी, भला माणूस. सतरंजी बघून त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "मास्टरजी, कौन गुज़र गया?" मामांनी त्यांच्या त्या हिंदीत सांगितलं की मास्तर का प्रमोशन गुजर गया, सेठ, बैठो. शेठ बसले. मग स्वतःचंच सांगायला लागले: एका परदेशी पार्टीनं त्यांचा सगळा माल कसा नापसंत करून परत धाडला होता, त्यानंतर बाजारात ते कसे मान खाली घालून चालत. "हमारा तो अभी तक अंदर ही पड़ा है, साईं," ते म्हणाले. मामा माझ्याकडे वळून म्हणाले की बघा, ह्यांचा तेरावाच झालेला नाही.

मग काय, दोन घरांचं सुतक आमच्या एका सतरंजीवर पार पडलं. शेठ रोज दुकान बंद करून येऊन बसायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, मामा समोर बसलेले असताना, मला एकदम रडू आलं. शाळेबद्दल काहीतरी बोलत होतो, ते अर्धवटच राहिलं. मामा म्हणाले, "असं व्हायला नको होतं." बस, एवढंच. त्या वाक्याची मी इतकी वर्षं थट्टा केली होती, पण त्या दिवशी ते ऐकून मला खरोखर बरं वाटलं. तेराव्याला शेठनी सेवबर्फीचा डबाच आणला. आमच्या हिनं श्रीखंड केलं. माझ्या जागेवर आलेला तो जावई पंगतीला बसला, आणि माणूस तसा वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो आणि त्याचं वेळापत्रक चुकलं होतं ते नीट करून दिलं.

मामांची शेवटची मुलाखत नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झाली. निवृत्ती तोंडावर आली होती. कंपनीत नव्या मशिनी आल्या होत्या आणि फोरमन म्हणून डिप्लोमा झालेली मुलं घेत होते. ह्या खेपेला मात्र त्यांना घेतील, असं सगळ्या खात्याला वाटत होतं. उरलंसुरलं एक वर्ष, बसू देत म्हातारा त्या काचेत, असं खात्यातली पोरंच बोलून दाखवत होती. मामींनी त्यांच्या बुटांना स्वतः पॉलिश केलं. आणि मग एका दुपारी शेठच्या दुकानावर फोन आला, मामींचाच: नाही झालं.

आमच्या हिनं पिठलं-भात केला, डबा भरला आणि आम्ही बदलापूर गाठलं. मला मामांसमोर काय तोंड करून बसावं तेच सुचत नव्हतं. आता पुढची खेप नव्हती. दारातून आत बघितलं तर सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी. देवापुढे उदबत्ती लागलेली. मामा दाढी करून, ओले केस विंचरून पाटावर जेवायला बसले होते, आणि ताटात फोडणीचं वरण होतं, पापड होता, शिकरण होतं. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला. या, बसा, पानं घे गं ह्यांची, म्हणाले. बायको डबा हातात धरून दारातच उभी राहिली. मी चाचरत म्हणालो, "मामा, बसायचं नाही का? सतरंजीवर?"

मामांनी पापडाचा तुकडा मोडला आणि तो वरणात बुडवून खाल्ला.

"आता कशाला, जावईबापू," ते म्हणाले. "सुतक जवळच्याचं धरतात. लांबच्या नात्यातलं कुणी गेल्याचं कळलं तर आपण काय करतो? आंघोळ करतो आणि जेवायला बसतो. केली मी आंघोळ."

ते हसले आणि पुन्हा जेवायला लागले. चवीनं जेवत होते. त्यांनी इतक्या वेळा मन लावून शोक केला होता, पण मला त्यांच्याकडे बघून कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण "असं व्हायला नको होतं" हे एक वाक्यसुद्धा म्हणायची आता सोय नव्हती. तेवढ्यात मामी आतून आल्या. त्यांनी आमच्या हिच्या हातातून डबा घेतला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खाली बसल्या, झाकण काढलं आणि तो पिठलं-भात एकट्या जेवू लागल्या. मामांनी एकदा तिकडे बघितलं, ताटातली शिकरणाची वाटी बाजूला सारली आणि जेवण अर्धवट टाकून हात धुवायला उठले.